एकाच नावाची दोन शहरं: चौल आणि रेवदंडा

अलिबागहून मुरूडकडे निघालं की नागाव मागे पडतं. मग सुपारीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता आधी चौलात आणि नंतर रेवदंड्यात शिरतो. रेवदंड्यात तर तो किल्ल्याच्या तटातूनच आत जातो आणि तसाच बाहेर पडतो. एसटीत बसलेल्याला किल्ला कधी आला आणि कधी गेला हे कळतही नाही. कोकण किनाऱ्यावरच्या सगळ्यात जुन्या बंदरांपैकी एक आणि पोर्तुगीजांचं दोनशे वर्षांहून जास्त काळचं ठाणं आपण पाच मिनिटांत ओलांडून जातो.

या जागेचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्याच पानावर गोंधळ होतो. पोर्तुगीज कागद म्हणतात 'चौल आमचं', आणि त्याच काळातल्या निजामशाहीच्या हकिकती म्हणतात 'चौल आमचं'. दोघंही खरं बोलत असतात, कारण चौल नावाची शहरं दोन होती. एक खाडीच्या आतल्या अंगाला, जुनं, आधी हिंदू राजांच्या, मग बहमनी आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीच्या ताब्यातलं. पोर्तुगीज त्याला 'वरचं चौल' म्हणत. दुसरं तिथून तीनेक किलोमीटरवर, खाडीच्या अगदी मुखाशी वाळूच्या टोकावर त्यांनी स्वतः वसवलेलं 'खालचं चौल', म्हणजे आजचं रेवदंडा. वर आणि खाली हा फरक उंचीचा नाही, पाण्याच्या वाटेवरचा आहे. आत ते वर, मुखाशी ते खाली. ही एवढी गोष्ट पक्की धरली की पुढचे बरेचसे वाद आपोआप मिटतात. एखाद्या नोंदीत 'चौल' आलं तर आधी पाहायचं की ती नोंद कोणाची आहे.

जागा का निवडली

बंदर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला आणि गलबतं येतात. पण कोकणात बंदर ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात: खाडीचं मुख, आडोसा, गोडं पाणी आणि घाटावर जाणारी वाट. रेवदंड्याच्या मुखाशी या चारही गोष्टी आहेत.

कुंडलिका नदी सह्याद्रीतून भिऱ्याच्या बाजूने उतरते, कोलाड आणि रोहा करत येते आणि रेवदंड्याशी समुद्राला मिळते. शेवटचा लांब टप्पा भरतीच्या पाण्याचा, म्हणजे खाडीच. रोह्यापर्यंत माल मचव्यातून नेता येई आणि तिथून पुढे बैलांच्या पाठीवर. मुखाच्या दक्षिणेला कोर्लईचा डोंगर समुद्रात लांबट सुळक्यासारखा घुसला आहे. पावसाळ्यात लाटा नैऋत्येकडून येतात, त्यांचा मोठा मार हा डोंगर अंगावर घेतो आणि त्याच्या मागचं पाणी त्या मानाने शांत राहतं. उत्तरेला वाळूची पट्टी, तीच रेवदंडा. रेव म्हणजे जाडसर वाळू आणि दांडा म्हणजे पाण्यात गेलेली चिंचोळी पट्टी, असं हे नाव सरळ वाचता येतं. पुराणाकडे कल असणारे रेवतीक्षेत्र म्हणतात आणि चौलला चंपावती.

गोड्या पाण्याचं कोडं मोठं रंजक आहे. दोन्ही बाजूंना खारं पाणी असलेल्या वाळूच्या पट्टीवर गोडी विहीर कशी? पावसाळ्यातलं पाणी वाळूत झिरपतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं आणि थोडं खणलं की हाताला लागतं. म्हणूनच या पट्ट्यात रहाटाच्या विहिरींवर नारळी-पोफळीची आगरं उभी राहिली आणि सगळ्या भागाला अष्टागर हे नाव पडलं. रेवदंड्याच्या किल्ल्याचं स्थानिक नावही आगरकोट. पण या पाण्याला मर्यादा आहे. रहाट दिवसभर चालला तरी फार पाणी उपसत नाही, पंप मात्र तासाभरात विहीर तळाशी नेतो. वरचा गोडा थर पातळ झाला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर सुधारायला चांगले पावसाळे जावे लागतात. जुन्या काळी जहाजाला पाण्याची पिंपं भरून घ्यायची असत, त्यामुळे उथळ विहिरींची ही पट्टी बंदराच्या दृष्टीने धक्क्याइतकीच मोलाची होती.

चौथी गोष्ट घाट. किनाऱ्यावर नुसता माल उतरून काय उपयोग, तो देशावर पोचायला हवा. चौलहून बोरघाटाने वर कार्ले-भाजे-जुन्नरच्या पट्ट्यात जाता येई. जुन्नर ही सातवाहनांच्या काळापासूनची पेठ, आणि त्या वाटेच्या आसपास लेणी का आहेत याचं उत्तरही त्यातच आहे. व्यापारी वाटेवर दान देत. कान्हेरीच्या दानलेखांत 'चेमुल'च्या रहिवाशांचा उल्लेख आहे, ते चेमुल म्हणजे आपलं चौल. पहिल्या-दुसऱ्या शतकातले ग्रीक लेखक याच बंदराला 'सिमुल्ला' म्हणतात आणि अरब 'सैमूर'. इ. स. ९१६ मध्ये अल-मसूदी इथे आला. शिलाहार राजा झंझ याच्या काळात सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले सुमारे दहा हजार मुसलमान या शहरात राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक माणूस नेमलेला होता. पोर्तुगीज येण्याच्या सहाशे वर्षं आधीचं हे चित्र आहे. तेव्हा 'पोर्तुगीजांनी बंदर बांधलं' असं म्हणणं चूक. चालत्या बंदराच्या तोंडावर ते येऊन बसले.

वारा, भरती आणि एक पंचांगी हिशेब

शिडाच्या काळात जहाज कधी सुटणार हे वारा ठरवी. दिवाळीनंतर उत्तर-ईशान्येचा कोरडा वारा सुरू होतो, त्यावर इथून माल अरबस्तानाकडे आणि आफ्रिकेकडे जाई. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येऊ लागला की तिकडची जहाजं इकडे निघत. जून ते ऑगस्ट बंदर बंद. आजही कोळी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या बाहेर काढतात, ते त्याच जुन्या वेळापत्रकाला धरून.

घोडे येत ते उन्हाळ्याच्या टप्प्यात. दख्खनच्या हवेत उमदे लढाऊ घोडे निपजत नसत, म्हणून इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून अरबी-इराणी घोडे जहाजाने आणावे लागत. दख्खनचा प्रत्येक सुलतान आणि विजयनगरचा राया यांची फौज या आयातीवर उभी होती. १४६९ मध्ये त्वेर गावचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन असाच होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. तिथून पालीपर्यंत आठ दिवस, पालीहून उमरीपर्यंत दहा आणि उमरीहून जुन्नरपर्यंत सहा, असा त्याने प्रवासाचा हिशेब दिला आहे. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि तो परत मिळेपर्यंत त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तिथल्या पावसाचं वर्णन त्याने एका ओळीत केलंय: चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. घाटाखालून आलेला माल पावसाळ्यात का अडकून पडे, हे याहून नेमकं कोण सांगणार! रेवदंड्यात निकितिनचं स्मारक आहे.

आता भरती. खाडीच्या मुखात जहाज घालायचं तर पूर्ण भरतीची वेळ माहीत हवी. कोकणात ती पंचांगावरून काढतात: तिथीची पाऊणपट. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीच्या वेळेचा. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसा जी वेळ तीच साधारण रात्रीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण चंद्राची चाल रोज सारखी नसते. फिरायला जाणाऱ्याला तो पुरतो. होडी काढायची असेल तर मात्र छापील तक्ता पाहावा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी. शेजारच्या मुंबई बंदरात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या आसपास जाते आणि ओहोटीला पाणी मीटरभराच्या खाली येतं. म्हणजे सकाळी जिथे गलबत सुखाने तरंगत होतं तिथे दुपारी ते चिखलात कलंडलेलं दिसणार.

या भरती-ओहोटीने एकदा पोर्तुगीजांच्या व्हाइसरॉयचा मुलगा घेतला. मार्च १५०८. लोरेंसो द आल्मेदा आपलं छोटं आरमार घेऊन चौलच्या खाडीत नांगरून होता. इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली आलं आणि त्याला दीवचा मलिक अयाज येऊन मिळाला. लढाई अंगाशी येतेय हे पाहून पोर्तुगीज खाडीतून बाहेर पडू लागले. लोरेंसोच्या जहाजाला पाण्याच्या पातळीखाली गोळा लागला होता, आत पाणी भरत होतं, आणि तशात ते वाहत जाऊन कोळ्यांच्या जाळ्यांच्या खुंटांवर अडकलं. ओढून काढायचा प्रयत्न झाला, पण साधला नाही. लोरेंसो तिथेच मारला गेला.

हे खुंट म्हणजे काय ते नीट समजून घेण्यासारखं आहे. डोल हे पिशवीसारखं, तोंडाशी रुंद आणि शेपटीकडे निमुळतं होत जाणारं जाळं. ते ओढत नाहीत, खुंटांना बांधून ठेवतात, तोंड प्रवाहाकडे करून. बोंबील, जवळा, कोळंबी भरतीच्या किंवा ओहोटीच्या ओढीने आपोआप आत जातात. त्यासाठी झाडांचे लांब ओंडके तळात ठोकून उभे करतात. ओहोटीला त्यांची डोकी दिसतात, भरतीला ती पाण्याखाली जातात. गावच्या तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्याला, प्रत्येक खुंटाची जागा पाठ असते, परक्याला नसते. पुढच्याच वर्षी, ३ फेब्रुवारी १५०९ रोजी, बाप फ्रान्सिस्को द आल्मेदाने दीवच्या लढाईत या पराभवाची भरपाई केली. पण चौलच्या मुखाचा धडा पोर्तुगीज विसरले नाहीत. खाडीत आत शिरून बसायचं नाही, मुखाशी बसायचं.

निजामशहाने परवानगी का दिली

१५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याला किल्ला बांधू दिला आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. वरून पाहता हा वेडेपणा वाटतो: आपल्याच बंदराच्या तोंडावर परक्याला जागा! पण १५१५ पासून होर्मुझ पोर्तुगीजांच्या मुठीत होतं, म्हणजे घोडे त्यांच्याच हातात. विजापूरकराशी वैर, गुजरातचा धाक, आणि समुद्रावर आपलं असं आरमार नाही. घोड्यांचा पुरवठा आणि बंदराची जकात चालू राहणार असेल तर वाळूचं एक टोक देणं निजामशहाला स्वस्तात पडलं.

पोर्तुगीजांची कमाई नुसत्या व्यापारातून नव्हती, परवान्यातूनही होती. या परवान्याला कार्ताझ म्हणत. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक व्यापारी जहाजाने तो घ्यायचा. त्यात जहाज कोणाचं, नाखवा कोण, माणसं किती, हत्यारं किती, कुठे चाललंय हे लिहिलेलं. मिरीसारखा माल न्यायला मनाई, आणि वाटेत पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. कागद नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली तेव्हा युरोपीय कंपन्या त्यांना चाचे म्हणू लागल्या. पद्धत मात्र तीच होती, फरक एवढाच की समुद्र आपल्या दारातला होता.

दोन्ही शहरांत कामाची वाटणीही झाली. वरच्या चौलात विणकर, कारागीर, सावकार आणि घाटावर माल नेणारे. रेशमी कापडासाठी आणि नक्षीच्या पेट्या-मेजांसाठी सोळाव्या शतकात या गावाचं नाव दूरवर होतं. खालच्या चौलात जकातघर, वखार, तोफा आणि चर्च. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, जेझुइट अशा वेगवेगळ्या पंथांनी आपापले मठ बांधले, म्हणून एवढ्याशा जागेत इतके अवशेष. कारभाराच्या दृष्टीने रेवदंडा, वसई, दमण वगैरे मिळून 'उत्तरेचा प्रांत' होता आणि त्याचं मुख्य ठाणं वसई.

वाटणी कायम गोडीगुलाबीची राहिली नाही. १५७० च्या अखेरीस विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला आणि मूर्तझा निजामशहाने रेवदंड्याला एकाच वेळी वेढा घातला. नकाशा समोर ठेवला तर निकालाचं कारण दिसतं. रेवदंड्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेलाही तिचंच पाणी. जमिनीने चालून यायला फक्त उत्तरेची बाजू. निजामशाही फौज आणि तोफा त्या बाजूने महिनोन्महिने मारा करत राहिल्या, घरंदारं पाडली, पण समुद्राकडून दाणागोटा आणि कुमक येतच राहिली. पाण्याकडची बाजू बंद करता येत नसेल तर बंदराचा वेढा हा वेढाच नव्हे. १५७१ च्या पावसाळ्यात तह झाला. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने समोरचा कोर्लईचा डोंगर तटबंदी करून बळकावला, म्हणजे मुखावर वरून तोफा लागल्या. या वेळी पोर्तुगीजांनी धोका ओळखून डोंगरच जिंकून घेतला. त्यांच्या कागदांत त्याला 'मोर्रो' म्हणतात.

बंदर मेलं कसं

मराठ्यांनी घेतलं म्हणून संपलं, असं ढोबळ उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धंच आहे. संभाजीराजांनी १६८३ मध्ये रेवदंड्याला वेढा घातला होता, ठाणं तेव्हा टिकलं. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि उत्तरेच्या प्रांताचा कणाच मोडला. १७४० च्या तहात गोव्याजवळची साष्टी मराठ्यांनी सोडावी म्हणून पोर्तुगीजांनी रेवदंडा आणि कोर्लई देऊन टाकले. जे ठाणं दीडशे वर्षांपूर्वी प्राणपणाने राखलं ते तहाच्या कलमात सोडलं, कारण तोवर त्याची किंमत उतरलेली होती.

किंमत उतरवली ती मुंबईने. १५३४ पासून मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडेच होती. १६६१ मध्ये ती राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण गेली, १६६५ मध्ये इंग्रजांनी ताबा घेतला, १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्याने मिळाली. मुंबईच्या बेटाआड पूर्वेला खोल आणि झाकलेलं पाणी आहे. तिथे मोठं जहाज पावसाळ्यातही नांगरता येतं आणि भरतीची वाट पाहावी लागत नाही. इंग्रजांनी चौलच्या विणकरांना मुंबईत जागा देऊन बोलावलं. आधी कारागीर गेला, त्याच्या मागे सावकार, सावकाराच्या मागे माल. त्याआधीच निजामशाही बुडाल्याने (१६३६) वरच्या चौलचा राजाश्रय सुटला होता आणि घोड्यांची वाहतूकही पूर्वीची राहिली नव्हती.

उरलेलं काम गाळाने केलं, आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पावसाळ्यात नदी घाटाची माती घेऊन येते. मातीचे बारीक कण गोड्या पाण्यात सुटे तरंगतात, खारं पाणी लागलं की एकमेकांना चिकटून जड होतात आणि बसतात. म्हणून गाळ नेमका तिथेच साचतो जिथे नदी आणि भरती भेटतात. मुखाशी लाटा वाळू आणून टाकतात, तिचा आडवा बांध तयार होतो. हे सगळं धुवून काढतं कोण? ओहोटीचं पाणी. भरतीला खाडीत जितकं पाणी शिरतं तितकंच ओहोटीला जोराने बाहेर पडतं आणि मुख खरवडून मोकळं ठेवतं. आता खाडीच्या काठची खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या खाऱ्या जमिनी, बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारं) बसवून शेतीखाली आणली की भरतीला पसरायची जागा घटते. कमी पाणी आत, म्हणून कमी पाणी बाहेर, म्हणून धुण्याचा जोर कमी आणि गाळ जास्त. त्यावर तिवरं उगवली की मुळं तो गाळ घट्ट धरतात. ही साखळी कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बंदराला लागू पडते. यात शेतकऱ्याचा दोष काढण्याचं कारण नाही. ज्या वर्षी भातासाठी बांध घातला त्या वर्षी बंदराची कमाई आधीच ओसरलेली होती.

लहान तळाच्या मचव्याला हे सारं चालून जाई, खोल बुडणाऱ्या जहाजाला नाही. आजही खाडीपलीकडच्या साळावच्या जेट्टीवर कारखान्याचा माल सपाट तळाच्या बार्जमधूनच येतो.

पाहायला जाताना

मुंबईहून गेट वे ते मांडवा बोट आणि पुढे अलिबाग, हा जवळचा रस्ता. पावसाळ्यात ही बोटसेवा बंद असते, तेव्हा पनवेल-पेणमार्गे येता येतं. अलिबागहून रेवदंडा १७-१८ किलोमीटर. आधी चौल पाहावं, मग रेवदंडा आणि शेवटी कोर्लई. इतिहासही त्याच क्रमाने घडला आहे आणि ऊनही त्या क्रमाने सोसवतं.

चौलात रामेश्वराचं देऊळ आणि समोरची पुष्करणी आहे. देवळात पर्जन्यकुंड, अग्निकुंड आणि वायुकुंड अशी बंद कुंडं असून अवर्षण पडलं की पर्जन्यकुंड उघडण्याची रीत होती. वाड्यांमध्ये हमामखाना आणि जुन्या मशिदीचे अवशेष उभे आहेत. खासगी वाडीतून जावं लागतं तिथे आधी विचारावं, कुणी नाही म्हणत नाही. रेवदंड्यात तटाच्या आत नारळीमध्ये सातखणी बुरूज दिसतो. नाव सातखणी असलं तरी चारच खण शिल्लक आहेत, आणि तो मुळात लढाईचा बुरूज नसून चर्चचा मनोरा आहे. समुद्राकडचा तट पाहायला ओहोटी धरून जावं. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे सव्वाबाराला पूर्ण ओहोटी, अकरा ते दीड निवांत फिरता येतं. द्वितीयेला हाच हिशेब सकाळी पावणेआठच्या आसपासची ओहोटी देतो. उधाणाच्या भरतीला पाणी तटाजवळ येतं तेव्हा शेवाळलेल्या दगडांवर जाऊ नये.

तटाचं खरं नुकसान समुद्रापेक्षा पिंपळ आणि वड जास्त करतात. पक्ष्याच्या विष्ठेतून बी सांध्यात पडतं, मूळ चुना खात आत जातं आणि जाड होताना चिरे बाजूला सारतं. बोटाएवढं रोप असताना हाताने उपटलं तर काम फत्ते. मनगटाएवढं झाल्यावर ओढलं तर मुळाबरोबर दगडही येतो. तेव्हा बुंधा कापायचा, मूळ आतच मारून वाळू द्यायचं आणि मग सांधा चुन्याने भरायचा. नुसती फांदी तोडली तर पुढच्या पावसात चार फुटवे येतात. सांधे सिमेंटने भरणं ही सर्रास होणारी चूक आहे. चुना ओल शोषतो आणि सोडतो, सिमेंट ती अडवून धरतं. मग खारी ओल चिऱ्याच्या वाटेने बाहेर पडू पाहते, मिठाचे खडे दगडात तयार होतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चुन्याचा मसाला एक भाग चुना आणि दोन ते तीन भाग नदीची वाळू असा करतात. किनाऱ्याची वाळू वापरली तर मीठ आपणच भिंतीत भरलं असं होतं. हे स्मारक संरक्षित आहे, त्यामुळे उत्साहाने कुऱ्हाड घेऊन जाण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते.

साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलं की एक वेगळंच आश्चर्य भेटतं. इथल्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली बोली घराघरांत बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, रेवदंड्याची चर्चं ओस पडली, तरी ही बोली राहिली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, सोयरीक आपसातच आणि प्रार्थना चर्चमध्ये, यामुळे ती टिकली. बोलणारे आज हजाराच्या आतच असतील. मुलं मराठी शाळेत शिकतात, घरी दोन्ही भाषा चालतात.

गावाच्या टोकाला दीपगृह आहे आणि त्याच्या बाजूने किल्ल्यावर वाट चढते. दिवस कलताना, ओहोटी लागलेली असताना वर जावं. उत्तर टोकाच्या बुरुजावर उभं राहिलं की डावीकडे उघडा समुद्र, उजवीकडे खाडी आणि समोर रेवदंड्याचं वाळूचं टोक. त्यामागे माडांच्या हिरव्या रेषेत दडलेलं चौल. मुखाच्या मध्यात लाटा फुटून एक पांढरी रेघ उमटलेली दिसते, ती वाळूच्या बांधाची. तिच्या आतलं पाणी मातकट, बाहेरचं निळसर. आणि घरी परतणाऱ्या होड्या त्या रेघेवरून सरळ न येता वळसा घालून, खोल पाण्याची वाट धरून आत शिरतात.